जुनी हार्ड डिस्क कधी दिसते, कधी गायब होते: घोळ कुठे शोधायचा

सकाळी संगणक सुरू केला तर हार्ड डिस्क सापडत नाही. झाकण काढायचं, केबल उपसून पुन्हा खोचायची, की दिसायला लागते. दोन आठवडे सगळं सुरळीत चालतं आणि मग एक दिवस पुन्हा काळा पडदा, पुन्हा तोच संदेश. तिसऱ्यांदा असं झालं की माणूस वैतागून डिस्कच बदलतो. महिन्याभरात नवी डिस्कही तेच रंग दाखवायला लागते.

या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. माझ्याकडे आलेल्या अशा जुन्या यंत्रांत डिस्क खरोखर मेलेली फार क्वचित निघाली. बहुतेक वेळा डिस्कही ठीक होती आणि मदरबोर्डही ठीक होता, फक्त दोघांची बोली जुळत नव्हती. आयडीई म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची जुनी पद्धत. तिचा ४० पिनांचा सॉकेट १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं तसाच राहिला. त्यातून जाणारा वेग, डिस्कवरच्या जागेचा पत्ता लिहायची रीत आणि केबलची रचना मात्र या काळात अनेकदा बदलली. त्यामुळे १९९४ ची डिस्क आणि २००३ ची डिस्क एकाच सॉकेटात आरामात बसतात, आणि बसली म्हणजे जमली असा आपला समज होतो.

काहीही उघडण्याआधी एक काम उरकून घ्या. डिस्क सध्या दिसत असेल तर तिची पूर्ण प्रत काढून ठेवा. फाइली निवडून कॉपी करण्यापेक्षा पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंतची प्रतिमा काढणं चांगलं. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (डिस्कवर काही न टाकता थेट सुरू होणाऱ्या सीडीवरून) डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चालवला की हे काम होतं. पुढे दिलेल्या दोन उपायांत चुकीचं बटण दाबलं तर डेटा जाऊ शकतो, म्हणून हे आधी सांगतोय.

लक्षण नीट बघा

डिस्क दिसत नाही, एवढ्याने काही कळत नाही. कधी दिसत नाही, हे महत्त्वाचं. रात्रभर बंद असलेला संगणक सुरू केल्यावर दिसत नाही, पण लगेच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की दिसते, असं होत असेल तर केबलला हात लावू नका. डिस्कच्या तबकड्या पूर्ण वेग घेण्याआधीच बायोस, म्हणजे सुरुवातीला यंत्र तपासणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, तिला हाक मारून पुढे निघून गेलेला असतो. दुसऱ्या खेपेला तबकड्या फिरतच असतात, म्हणून ती ओ देते. काही बायोसमध्ये यासाठी काही सेकंद थांबायची सोय असते. ती सापडली नाही तर सुरुवातीची मेमरी चाचणी झटपट न करता पूर्ण करायला लावा, तेवढीच उसंत मिळते. पूर्वी हा त्रास नव्हता आणि आता सुरू झाला असेल, तर डिस्कचं बेअरिंग जड झालंय किंवा एसएमपीएसमधले (वीज पुरवणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर म्हातारे झालेत. दुसरा एसएमपीएस लावून बघितला की निकाल लागतो.

सुरू होताना संगणक जवळपास अर्धा मिनिट गोठल्यासारखा थांबतो आणि मग पुढे जातो, हे वेगळं लक्षण आहे. ते जंपरकडे, म्हणजे डिस्कच्या दोन पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीकडे, बोट दाखवतं. डिस्क दिसते, पण संगणक दिवसेंदिवस मंद होत जातो, हे केबलचं. डिस्क दिसते, चालते, आणि काही महिन्यांनी अचानक अख्खी विस्कटते, हे पत्त्याचं. हे शेवटचं सगळ्यात घातक, त्याबद्दल सविस्तर लिहिलंय.

आणखी एक तपासणी, फुकटातली. संगणकाचं घड्याळ मागे पडतं का? बंद करून सुरू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. बॅटरी संपली की बायोसमध्ये आपण केलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, डिस्कचा प्रकारही मूळपदावर येतो. काही यंत्रांत हा मूळ प्रकार तुमच्या डिस्कला चालणारा नसतो. "आपोआप बिघडतं आणि सेटिंग केलं की सुधारतं" या तक्रारीमागे निम्म्या वेळा ही नाण्याएवढी बॅटरी निघते.

केबल

आयडीईची पट्टी केबल दोन प्रकारची असते. जुनीत ४० तारा, नव्यात ८०. टोकाचा जोड दोन्हींचा सारखाच, ४० पिनांचा. नव्या केबलमधल्या जास्तीच्या ४० तारा सगळ्या जमिनीला (ग्राउंडला) जोडलेल्या असतात. दोन सिग्नल तारांमध्ये एक जमिनीची तार बसली की शेजारच्या तारेतला खळखळाट इकडे येत नाही. डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेणं. अल्ट्रा डीएमए ३३ पर्यंत, म्हणजे सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत, जुनी केबल पुरते. ६६, १०० किंवा १३३ हवं असेल तर ८० तारांचीच लागते.

हात फिरवून फरक कळतो. ४० तारांच्या पट्टीवर बोटाला जाड खाचा लागतात, ८० ची पट्टी जवळजवळ गुळगुळीत असते. ८० च्या केबलचे जोड साधारणपणे रंगीत असतात: निळा मदरबोर्डला, मधला करडा दुसऱ्या ड्राइव्हला, टोकाचा काळा पहिल्या ड्राइव्हला. ही केबल उलटी लावणारे कमी नाहीत. काळा टोक मदरबोर्डला खोचलं तरी कधी कधी चालतं, आणि त्यामुळेच फसगत होते. केबलचा प्रकार ओळखायची खूण निळ्या टोकातच असते. तिथे ३४ क्रमांकाची पिन जमिनीला जोडलेली असते, त्यावरून मदरबोर्डला कळतं की ही ८० तारांची आहे. टोकं बदलली की ती खूण चुकीच्या ठिकाणी जाते.

लांबीचंही बंधन आहे: १८ इंच, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर. त्याहून लांब केबल उंच कॅबिनेटसाठी मिळायच्या, गोल गुंडाळलेल्या देखण्या केबलही मिळायच्या. माझं ऐकाल तर दोन्ही काढून टाका. गोल केबलमध्ये सिग्नल आणि जमिनीच्या तारा शेजारी शेजारी राहतीलच याची खात्री नसते, आणि सगळा खटाटोप त्या शेजारासाठीच तर होता.

एकच ड्राइव्ह असेल तर तो टोकाच्या जोडावर लावा, मधल्यावर नको. मधल्यावर लावला की पुढची मोकळी पट्टी लोंबकळत राहते आणि तिच्या टोकावरून सिग्नल परत फिरून येतो.

आता ते "काढून लावली की चालते" प्रकरण. पट्टी धरून केबल उपसली की जोडाच्या आतले दाते तारांवरून किंचित सरकतात. आवरण फोडून तारेला चावणारे ते बारीक दाते असतात. एकदा सैल झाले की गरम-गार होताना संपर्क येतो-जातो. केबल हलवल्यावर तो तात्पुरता बसतो, आणि आपल्याला वाटतं दुरुस्त झालं. शिवाय पिनांवर साचलेला थर काढताना-लावताना खरवडला जातो, त्यानेही थोडे दिवस बरं वाटतं. उपाय नवी केबल हाच, आणि यापुढे केबल काढताना पट्टीला नव्हे, जोडाला धरायचं.

केबल बिघडत चालली आहे हे डिस्क स्वतःच सांगते, आपण विचारत नाही इतकंच. डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींत) १९९ क्रमांकाचा रकाना अल्ट्रा डीएमए सीआरसी चुकांचा असतो. वाटेत बिघडलेल्या प्रत्येक पाठवणीची मोजदाद तिथे होते. आकडा मागच्या आठवड्यात होता त्याहून आज जास्त असेल तर दोष वाटेत आहे, तबकडीत नाही. ५ आणि १९७ हे रकाने वाढत असतील तर मात्र पृष्ठभागच खराब होतोय. तिथे केबल बदलून उपयोग नाही.

विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना या चुकांचा आणखी एक चटका बसतो. एका चॅनलवर (मदरबोर्डवरच्या एका आयडीई सॉकेटवर) अशा सहा चुका साठल्या की एक्सपी तो चॅनल एक पायरी हळू करतं. पुन्हा सहा झाल्या की आणखी एक पायरी. उतरत उतरत शेवटी पीआयओवर येतं. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरला हाताने उचलावा लागतो, गाणं वाजवतानाही संगणक धापा टाकतो. आणि केबल बदलली तरी एक्सपी आपणहून वर चढत नाही! डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे मोजणी शून्यावर येते. "नवी केबल टाकली तरी फरक नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

जंपर

एका केबलवर दोन ड्राइव्ह, पहिला मास्टर, दुसरा स्लेव्ह. हे सर्वांना माहीत असतं. चुका इथे तीन होतात.

पहिली चूक एकट्या ड्राइव्हची. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच आयडीई डिस्कवर "एकटा" आणि "मास्टर, सोबत स्लेव्ह" अशा दोन वेगळ्या जागा असतात. एकट्या डिस्कवर दुसरी जागा निवडली की ती नसलेल्या साथीदाराची वाट बघत बसते. वर सांगितलेला अर्ध्या मिनिटाचा खोळंबा बहुधा इथून येतो. जंपर काढून टाकला, किंवा डिस्कवर छापलेल्या आकृतीप्रमाणे बाजूला आडवा ठेवला, की काम होतं.

दुसरी चूक केबल सिलेक्टची. यात ड्राइव्ह आपलं स्थान २८ क्रमांकाच्या पिनवरून ठरवतो. दोन्ही ड्राइव्हवर तीच निवड हवी आणि केबलही तशी हवी. एक ड्राइव्ह मास्टरवर आणि दुसरा केबल सिलेक्टवर, अशी खिचडी कधी चालते, कधी नाही. ८० तारांच्या केबलवर केबल सिलेक्ट भरवशाचं आहे. जुन्या ४० तारांच्या केबलवर मात्र हाताने मास्टर-स्लेव्ह लावणंच मला बरं वाटतं.

तिसरी चूक म्हणावी की दुर्दैव, सांगता येत नाही. एटीए हे नाव घेऊन आयडीईचं पहिलं अधिकृत मानक १९९४ मध्ये आलं. त्याआधीच्या डिस्कमध्ये मास्टर-स्लेव्हने एकमेकांना ओळख कशी द्यायची याबद्दल प्रत्येक कंपनीची आपली तऱ्हा होती. दोन कंपन्यांच्या त्या काळच्या डिस्क एका केबलवर नांदल्याच नाहीत तर जंपरशी झुंजत बसू नका. मास्टर-स्लेव्ह उलटे करून एकदा बघा. नाहीच जमलं तर दोघांना वेगवेगळ्या चॅनलवर टाका.

त्याहून जुन्या यंत्रांत सारख्या दिसणाऱ्या जोडांचा सापळा आहे. एसटी-५०६ पद्धतीच्या आणि ईएसडीआयच्या डिस्कना तशाच दोन केबल लागतात, ३४ आणि २० पिनांच्या, पण आतले सिग्नल वेगळे. एकाचा कंट्रोलर (डिस्क चालवणारं सर्किट) दुसऱ्याला चालत नाही. तसंच काही जुन्या साउंड कार्डांवर सीडी-रॉमसाठी ४० पिनांचा जोड असतो. तो हुबेहूब आयडीईसारखा दिसतो, पण पॅनासॉनिक किंवा मित्सुमीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो. तिथे आयडीई ड्राइव्ह लावून दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत मीही आहे.

पत्ता: जिथे डेटा खरोखर जातो

एका परिचितांचा संगणक वर्षभरात तीनदा असाच पडला. १६० जीबीची आयडीई डिस्क, तिचे दोन भाग: ४० जीबीवर एक्सपी, उरलेल्या १२० वर फोटो आणि चित्रफिती. एके दिवशी ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा संदेश आला. दुरुस्तीवाल्याने एक्सपी पुन्हा टाकून दिलं. काही दिवसांत पुन्हा तेच, मग डिस्क बदलली. नव्या डिस्कवर जुने फोटो परत भरले, आणि भरता भरताच ती कोलमडली. केबल नवी, एसएमपीएस नवा, १९९ चा रकाना शून्यावर.

दोष टाकायच्या सीडीत होता. ती एक्सपीची पहिली आवृत्ती होती, सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा संच) नसलेली. जुन्या एटीएमध्ये सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहितात. त्यात जेमतेम २६ कोटी ८४ लाख सेक्टर मावतात, प्रत्येकी ५१२ बाइटचे, म्हणजे १३७ जीबी. त्यापुढे ४८ बिटांचा पत्ता लागतो. बायोसला तो येत होता, दुसऱ्या संगणकावर डिस्कचे भाग पाडले तिथेही येत होता. या सीडीवरच्या ड्रायव्हरला मात्र येत नव्हता. त्याने १३७ जीबीपलीकडचा पत्ता लिहिताना वरचे बिट सोडून दिले. मग तो पत्ता गोल फिरून डिस्कच्या सुरुवातीला आला. फोटोंचा भाग साधारण ९७ जीबी भरेपर्यंत काही बिघडत नव्हतं. त्यानंतरचा पहिला फोटो थेट शून्याव्या सेक्टरवर, विभागांच्या तक्त्यावर जाऊन बसत होता.

त्यामुळे १३७ पेक्षा मोठी आयडीई डिस्क असेल तर फक्त बायोसमध्ये आकडा बरोबर दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नका. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ किंवा पुढचा हवा. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ हवा आणि वर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) मोठ्या पत्त्यांची नोंद चालू करावी लागते. विंडोज ९८ च्या मूळ ड्रायव्हरला हे जमत नाही, तिथे १२० जीबीच्या पुढे जाऊच नका.

याच जातीच्या भिंती खालीही आहेत. ५२८ एमबीची भिंत दोन मानकांच्या भांडणातून उभी राहिली. डिस्कवरची जागा तेव्हा सिलिंडर (तबकडीवरची वर्तुळं), हेड (वाचणारी टोकं) आणि सेक्टर अशी मोजत. बायोसला १०२४ सिलिंडर मोजता यायचे, पण हेड २५६ पर्यंत. आयडीईला सिलिंडर ६५,५३६ चालायचे, पण हेड फक्त १६. दोघांना चालेल असा प्रत्येक आकडा घ्यायचा तर लहानच घ्यावा लागतो: १०२४, १६ आणि ६३ सेक्टर. गुणाकार करून ५१२ ने गुणा, ५२८ एमबी येतात. यावर तोडगा म्हणून बायोसमध्ये एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांत बदलणारं भाषांतर आलं, त्याने भिंत ८.४ जीबीवर सरकली. पुढची ३३.८ जीबीची. १९९९ च्या मध्याआधीचे कित्येक अवॉर्ड कंपनीचे बायोस त्याहून मोठी डिस्क दिसली की जागीच गोठतात. म्हणून त्या काळातल्या ४० जीबीच्या डिस्कवर ३२ जीबीचंच सोंग घ्यायला लावणारा जंपर असायचा. उलटही होतं: कुणीतरी तो जंपर कधीकाळी लावलेला असतो आणि आज आपण "८० ची डिस्क ३२ ची का दिसते" म्हणून डोकं खाजवत असतो.

भाषांतराचा एक त्रास जुन्या डिस्क हलवताना होतो. बायोसमध्ये नॉर्मल, लार्ज आणि एलबीए असे पत्ता मोजायचे पर्याय असतात. डिस्क लार्जमध्ये तयार केली आणि दुसऱ्या संगणकात एलबीएमध्ये लावली, तर ती कोरी किंवा विस्कटलेली दिसते. डेटा जागेवरच असतो. या वेळी संगणकाने "फॉरमॅट करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा, बायोसमध्ये जाऊन पर्याय बदला. मघाची संपलेली बॅटरी आठवा, हा पर्याय तीच परस्पर बदलून टाकते.

साटा आल्यानंतर

२००३ पासून आयडीईच्या जागी साटा ही नवी जोडणी आली आणि मास्टर-स्लेव्हचे जंपर गेले. जंपरचे घोळ मात्र पूर्ण गेले नाहीत. सुरुवातीचे कंट्रोलर सेकंदाला १.५ गिगाबिटचे होते. ३ गिगाबिटच्या डिस्कने जुन्या कंट्रोलरशी बोलताना आपणहून खाली यावं अशी अपेक्षा असते, पण व्हियाच्या व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर या चिपांवर ही बोलणी फिसकटतात. डिस्क अजिबात दिसत नाही, किंवा बायोस तिथेच अडकतो. त्या काळच्या अनेक डिस्कवर वेग १.५ वर बांधून टाकणारा जंपर असतो. सीगेट आणि वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर त्याची जागा वरच्या लेबलवर छापलेली असते. जंपर नसलेली नवी डिस्क अशा मदरबोर्डला लावायच्या फंदात पडू नका, मदरबोर्डच्या पीसीआय खाचेत बसणारं स्वतंत्र साटा कार्ड घ्या.

साटा डिस्क लावली आणि आधीची आयडीई डिस्क गायब झाली? इंटेलची आयसीएच५ चिप असलेल्या मदरबोर्डांवर बायोसमध्ये "कंबाइन्ड" नावाचा पर्याय असतो. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला चारच ड्राइव्ह ओळखता येतात, म्हणून तो साटाला एका आयडीई चॅनलची खुर्ची देतो. उठवलेल्या चॅनलवर तुमची डिस्क किंवा सीडी ड्राइव्ह असेल तर ती दिसणार नाही. एक्सपी किंवा त्यापुढचं काही वापरत असाल तर "एन्हान्स्ड" निवडा.

बायोसमध्ये साटा आयडीईसारखं चालवायचं की एएचसीआय या साटाच्या स्वतःच्या पद्धतीने, हेही ठरवावं लागतं. विंडोज टाकल्यानंतर हा पर्याय बदलला की निळा पडदा आणि ७बी हा आकडा येतो. घाबरायचं कारण नाही, पर्याय पूर्ववत केला की संगणक सुरू होतो. बॅटरी संपल्यावरही हाच पर्याय बदलतो, हे वेगळं सांगायला नको.

सर्व्हरसाठी बनवलेली नवी मोठी साटा डिस्क जुन्या संगणकाला लावली आणि ती फिरतच नाही, असंही होतं. साटाच्या पॉवर जोडातली तिसरी पिन पूर्वी ३.३ व्होल्टची होती. पुढे काही डिस्कमध्ये तिला "बंद हो" या आज्ञेचं काम दिलं. जुना एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क इमानदारीने बंद राहते. मोलेक्स (जुन्या चार पिनांच्या पॉवर) जोडातून रूपांतर करणारी पॉवर केबल लावली तर ३.३ ची तारच नसते, म्हणून डिस्क फिरते. फक्त ती केबल साच्यात ओतलेल्या एकसंध जोडाची घेऊ नका, त्यांत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या चिमटीत बसवलेली घ्या.

स्कझी (अनेक यंत्रं एका साखळीत जोडायची जुनी पद्धत) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक यंत्राचा क्रमांक वेगळा हवा, ७ हा सहसा कंट्रोलरचा असतो, आणि टर्मिनेटर (सिग्नल परत फिरू न देणारे तुकडे) साखळीच्या दोन टोकांनाच हवेत. मधल्या ड्राइव्हवर चालू राहिलेला तिसरा टर्मिनेटर हा "कधी चालतं, कधी नाही" याचा स्कझीतला नेहमीचा गुन्हेगार. एचव्हीडी (जास्त व्होल्टेजची स्कझी) अशी खूण असलेला ड्राइव्ह साध्या स्कझीला लावू नका, तिथे काहीतरी जळू शकतं.

परिचितांच्या संगणकात शेवटी डिस्क तीच ठेवली. सर्व्हिस पॅक असलेल्या सीडीवरून एक्सपी टाकलं, फोटो प्रतिमेतून परत आणले. जुनी सीडी मात्र त्यांनी फेकू दिली नाही, म्हणून तिच्यावर जाड मार्करने "१२० जीबीपर्यंतच" असं लिहून ठेवलं.